जास्वंदीच्या एकाच फांदीवर दोनरंगी पानं : नवा वाण की रोग?

ओसरीतली_बाग

लाल, एकेरी जास्वंद, १४ इंची कुंडीत. छाट कलमापासून वाढवलेली आहे, त्यामुळे खुंटाचा (ज्या मुळांच्या झाडावर दुसरं झाड बांधतात त्याचा) प्रश्न नाही. जमिनीपासून दोन फुटांवर एक नवी फांदी फुटली आहे, साधारण ४० सेंमी लांब. तिच्यावरच्या काही पानांना मलईच्या रंगाची कड आहे.

खालून मोजत गेलं तर पहिली तीन पानं साधी हिरवी. चौथं, सहावं, नववं आणि अकरावं पान दोनरंगी. पाचवं, सातवं, आठवं, दहावं परत हिरवं. त्यातही सहाव्या आणि अकराव्या पानाला दोन्ही बाजूंनी कड आहे, चौथ्या आणि नवव्याला मात्र एकाच अर्ध्या भागात. हिरवा आणि मलई रंग जिथे भेटतात तिथली रेघ ठळक आहे, पसरट नाही. पानं वाकडी नाहीत, मावा-फुलकिडे दिसत नाहीत. बाकी झाड पूर्ण हिरवं. या फांदीवरच्या एका फुलाच्या एका पाकळीवर गुलाबी पट्टाही होता.

प्रश्न असे :
- हा नवा वाण असू शकतो का, की केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) किंवा अन्नद्रव्यांची कमतरता?
- असलाच तर तो टिकवायचा कसा? फांदी एकच आहे.
- पुढे नाव देऊन इतरांना कलमं द्यायची तर काय पाळावं लागतं?

खुंट_आणि_डोळा

पानं क्रमाने मोजलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे.

जास्वंदीची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी लागतात. दोन फेऱ्यांत पाच पानं, म्हणून सहावं पान बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येतं. त्या हिशेबाने तुमचं सहावं आणि अकरावं पान एका उभ्या रेषेत आहे. चौथं आणि नववं दुसऱ्या रेषेत. आणि या दोन रेषा एकमेकींच्या शेजारी आहेत. म्हणजे बदल खोडाच्या एका बाजूच्या उभ्या पट्टीत आहे आणि त्या पट्टीतून निघालेली पानंच दोनरंगी होताहेत. पट्टीच्या मधून निघालेल्या पानाला दोन्ही बाजूंनी कड, पट्टीच्या काठावरून निघालेल्याला अर्ध्या भागातच.

रोग किंवा कमतरता असं मोजूनमापून वागत नाही. लोहाची कमतरता असेल तर शेंड्याकडची सगळीच नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मॅग्नेशियमची असेल तर सुरुवात जुन्या पानांपासून. विषाणू असेल तर डाग, कडी, वेड्यावाकड्या चट्ट्यांची नक्षी, आणि ती पानाच्या क्रमाला जुमानत नाही. ग्लायफोसेटचा उडालेला फवारा पानं पांढरी करतो खरा, पण ती अरुंद आणि आखडलेली येतात.

तेव्हा हे शेंड्यातल्या एखाद्या पेशीत झालेलं उत्परिवर्तन दिसतंय, ज्याला बागेतले लोक 'स्पोर्ट' म्हणतात. त्याला कमी लेखू नका. अमेरिकेतलं वनस्पतींचं पहिलं पेटंट १९३१ साली 'न्यू डॉन' या वेलगुलाबाला मिळालं, तो 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' या जुन्या गुलाबाचा स्पोर्टच होता.

एक शंका मात्र उरते. जास्वंदीच्याच कुळातल्या अबुटिलॉनचा 'थॉम्पसनी' हा जुना वाण पिवळ्या ठिपक्यांसाठी आवडीने लावला जातो, आणि ते ठिपके विषाणूचे असतात. तिथे 'रोग की वाण' याचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. तुमच्या पानांचं वर्णन तसं वाटत नाही, पण खात्री करायचा उपाय आहे : या फांदीचा डोळा (पानाच्या बगलेतला कोंब) दुसऱ्या निरोगी हिरव्या जास्वंदीच्या सालीत भरा, ती झाली खुंट. डोळा धरल्यानंतर दोन-तीन महिन्यांत खुंटाच्या स्वतःच्या नव्या पानांवर चट्टे आले तर संसर्ग आहे. खुंट हिरवाच राहिला तर बहुधा नाही.

गुटीवाला

एकच फांदी आहे म्हणताय तर वेळ न घालवता गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडा. चौथ्या पानाच्या खाली २ ते अडीच सेंमी रुंद साल गोल काढा, लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा. तो राहिला की साल वरून खाली परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. निम्म्या गुट्या फसतात त्या याच कारणाने. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर लावा, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकं आवळून. वरचं टोक सैल राहिलं की पाणी आत उतरतं आणि काप काळा पडतो. ५ ते ८ आठवड्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात.

खुंट_आणि_डोळा

गुटीवाला, गुटीची रीत अगदी बरोबर, पण इथे ती आत्ता बांधू नये असं माझं मत. गुटीने जी फांदी आहे तीच मुळांवर येते. बदल खोडाच्या एका बाजूलाच असताना गुटी केली तर नव्या झाडातही तो एका बाजूलाच राहणार. हिरवी बाजू जास्त अन्न बनवते, जोमाने वाढते, आणि वर्षभरात दोनरंगी पट्टी शेंड्यातून बाजूला ढकलली जाते. मग लोक म्हणतात, 'वाण फिरला'. तो फिरला नाही, मुळात पक्का झालाच नव्हता.

आधी बदल खोडाच्या सगळ्या बाजूंनी पसरवून घ्यायचा, मग कलमं.

गुटीवाला

मान्य. पण वाऱ्याने फांदी मोडली तर सगळंच गेलं. विम्यापुरतं काहीतरी हवंच.

पाचरकलम

विमा आणि तपासणी दोन्ही एकाच कामात होतं : सहाव्या पानाचा डोळा दुसऱ्या झाडावर भरायचा आणि अकराव्या पानाचा डोळा जागेवरच फोडायचा. दोन्ही पानांना पूर्ण कड आहे, म्हणजे त्यांच्या बगलेतले डोळे पट्टीच्या मधोमध आहेत. चौथ्या आणि नवव्याच्या नादी लागू नका. तिथला डोळा सीमेवर बसलाय, त्यातून निघणारी फूट परत अर्धीमुर्धीच असण्याची शक्यता जास्त.

अकरावा डोळा : त्या पानाच्या वर साधारण १ सेंमी सोडून शेंडा तिरका छाटा. अगदी डोळ्याला लागून छाटलं तर टोक वाळत खाली येतं आणि डोळाही वाळतो. अकरावं पान काढू नका, त्याच्यावरच डोळा पोसला जातो. आणि मुख्य झाडावर या फांदीच्या आसपासच्या जोमदार हिरव्या फुटी आखूड करा, नाहीतर झाडाचा सगळा जोर तिकडे जातो. दोन-तीन आठवड्यांत डोळा सुटायला हवा. नाही सुटला तर फांदीवरच्या हिरव्या पानांच्या बगलेतले डोळे नखाने खुडून टाका.

सहावा डोळा : खुंट म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीची, साल सहज सुटणारी कोणतीही जोमदार जास्वंद चालेल. फक्त ती वेगळ्या कुंडीतली असू दे. आईच्याच (मूळ झाडाच्याच) फांदीवर डोळा भरला तर झाड मेल्यावर विमाही मेला.
- डोळ्याच्या पानाचं पातं कापा, देठ तेवढा १ सेंमी ठेवा.
- डोळ्यासह २ ते २.५ सेंमी लांबीची साल ढालीसारखी उतरवा. उलटी करून बघा : डोळ्याच्या मागे खड्डा दिसला तर डोळ्याचा गाभा मागे लाकडात राहिलाय, तो भरून उपयोग नाही.
- खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीच्या आकाराचा काप, उभा काप २.५ सेंमी. ढाल वरून सरकवा, वरची जास्तीची साल आडव्या कापाशी जुळवून कापा.
- १ सेंमी रुंद ताणणाऱ्या पट्टीने खालून वर गुंडाळा, डोळा आणि देठ उघडा ठेवून.

दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावा. अलगद गळून पडला तर डोळा धरला. काळा पडून चिकटून बसला असेल तर गेला. धरल्यावर लगेच खुंट छाटू नका. आधी डोळ्याच्या वर थोड्या अंतरावर खुंट अर्ध्यावर वाकवून बांधा, फूट १० सेंमी झाली की मग छाटा.

पात्याबद्दल एक. ७० टक्के अल्कोहोल बुरशी आणि जिवाणूंसाठी ठीक, पण रसातून पसरणाऱ्या काही चिवट विषाणूंना ते पुरत नाही. विषाणूची शंका फिटलेली नसताना घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग अशा द्रावणात पातं मिनिटभर बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा. धुतलं नाही तर गंजतं.

ओसरीतली_बाग

फारच उपयोगी. मग फुटलेली नवी फांदी पक्की झाली हे कसं ओळखायचं? आणि फुलाच्या पट्ट्याचं काय? त्या फांदीवर बी धरलं तर पेरून बघावं का?

पाचरकलम

नव्या फुटीची सलग दहा पानं बघा. दहाच्या दहा पानांना, खोडाच्या सगळ्या बाजूंनी, सारखी कड असेल तर बदल शेंड्यात सगळीकडे पसरला असं समजायचं. दहात दोन हिरवी निघाली तर त्यातल्या सगळ्यात चांगल्या पानाच्या वर परत छाटा आणि परत डोळा फोडा. दोनदा, फार तर तीनदा हे करावं लागतं. पूर्ण पांढरी फूट निघाली तर हरखून जाऊ नका. तिच्यात हरितद्रव्य नाही, ती झाडाच्या जिवावर जगते आणि कलम केलं की मरते. हिरवी फूट दिसली की मात्र त्याच दिवशी बुडातून काढा.

मग त्या पक्क्या फुटीपासून छाट कलमं :
- काडी अर्धवट पिकलेली, १० ते १५ सेंमी, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली.
- वरची दोन पानं ठेवा. हिरव्या जास्वंदीत ती अर्धी कापतात, इथे कापू नका. हिरवा भाग आधीच कमी आहे आणि कापताना कडेबरोबर तोही जातो.
- मुळांसाठी आयबीए या मुळं फोडणाऱ्या संप्रेरकाची ०.३ टक्के पावडर, किंवा २००० पीपीएम द्रावणात ५ सेकंद. द्रावणासाठी २०० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घालून १०० मिली करा. थेट पाण्यात ते विरघळत नाही, तळाशी भुकटी बसते आणि आपल्याला वाटतं औषधच वाईट.
- कोकोपीट आणि परलाइट समान भाग. वर पारदर्शक पिशवी, उजेड भरपूर पण ऊन नाही. २४ ते २७ अंश तापमान राहिलं तर हिरव्या जास्वंदीला ४ ते ६ आठवडे लागतात, दोनरंगीला आणखी दोन-तीन धरा.

गुटीवाला यांची गुटी आता बांधा. आता ती खरोखर कामाची.

बीजमाशी

बी आणि पट्ट्याबद्दल मी लिहिते.

शेंड्यात पेशींचे तीन थर असतात. बाहेरचा थर पानाफुलाची त्वचा बनवतो. दुसरा थर पानाच्या आतला बराचसा भाग, विशेषतः कडा, आणि परागकण-बीजांड. तिसरा सगळ्यात आतला गाभा. फांदीला बुडाशी फुटणारी मुळं किंवा मुळांपासून फुटणारी पिलं ही आतल्या भागातून येतात. म्हणून नव्या वाणात बदल कोणत्या थरात आहे यावर कलमाची पद्धत ठरते. सगळ्यात ओळखीचं उदाहरण सान्सेव्हेरियाचं : पिवळ्या कडेचा 'लॉरेंटी' पानाच्या तुकड्यापासून लावला की पिलं साधी हिरवी निघतात, कारण तिथे नवा शेंडा आतल्या पेशींपासून नव्याने घडतो. बुडाची पिलं वेगळी केली की कड टिकते. तुमच्या जास्वंदीतही तयार डोळा असलेलीच काडी वापरायची. मुळांचे तुकडे किंवा खोडाला डोळ्याशिवाय फुटलेल्या फुटी घेऊ नका.

पांढरी कड बहुतेक दुसऱ्या थरातल्या बदलाची असते, आणि बी घडतं तेही त्याच थरातून. म्हणून अशा फांदीचं बी पेरलं तर रोपं बऱ्याचदा पांढरीफटक उगवतात आणि बीजदलांतला साठा संपला की माना टाकतात. शिकण्यासाठी चार बिया पेरा, वाण टिकवण्यासाठी नको.

पाकळीवरच्या पट्ट्यावर मी आत्ता एक शब्दही लिहून ठेवणार नाही, तारीख सोडून. पाकळीचा रंग मुख्यतः त्वचेच्या पेशींत असतो, म्हणजे तो वेगळाच बदल असू शकतो, किंवा फुलकिड्यांनी खरवडलेली रेघ, किंवा उन्हाचा चटका. त्याच फांदीवर लागोपाठ चार-पाच फुलांत त्याच जागी पट्टा आला तर बोलू. एका फुलावरून नवा वाण जाहीर करणारे पुष्कळ असतात. हायड्रेंजियात तर मातीचा सामू (पीएच) साडेपाचच्या खाली गेला की गुलाबीचं निळं होतं आणि तेही 'नवीन' म्हणून मिरवलं जातं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला बियांवरच्या हंगामी झाडात, समजा तेरड्यात किंवा गोकर्णात, वेगळं रोप सापडलं तर हिशेब निराळा. तिथे कळी उमलायच्या आदल्या दिवशी मलमलची छोटी पिशवी बांधायची, स्वपरागाचं बी धरायचं, आणि दरवर्षी फक्त हव्या त्या रोपांचं बी ठेवायचं. संकरातली सरमिसळ दर पिढीत निम्मी होते : दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्यात २५, सातव्यात दीड टक्का. म्हणून सहा-सात पिढ्या. अपवाद एकच : नवा गुण अप्रभावी (आईबाप दोन्हींकडून आला तरच दिसणारा) असेल तर तो पहिल्याच स्वपरागात सगळ्या रोपांत दिसतो. इतर गुण मात्र सांडतच राहतात.

ओसरीतली_बाग

म्हणजे निदान वर्षभर नाव-गाव काही नाही. आणि मग?

पाटी_लावा

नाव नाही, पण पाटी पहिल्या दिवसापासून. 'जा-१' ही मूळ फांदी, 'जा-१-११' अकराव्या डोळ्याची फूट, तिची कलमं 'जा-१-११-क', 'ख'. पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात काही महिन्यांत उडते, पेन्सिलीची राहते.

फोटो सावलीत, ढगाळ उजेडात, आणि प्रत्येक फोटोत तीन गोष्टी : आईचं हिरवं पान, मोजपट्टी, आणि करड्या रंगाचा कार्ड. भर उन्हात लाल रंग फोटोत नारिंगी होतो आणि मलई कड पांढरी. नोंदीत कडेची रुंदी मिमीमध्ये, पानाची लांबी-रुंदी, फुलाचा व्यास, दोन पेरांतलं अंतर, आणि हे सगळं आईच्या आकड्यांशेजारी. 'फारच सुंदर' याने पुढच्या माणसाला काही कळत नाही. '११ सेंमीच्या पानाला ६ ते ९ मिमी कड' म्हटलं की कळतं.

पक्केपणाची कसोटी : कलमांची कलमं, म्हणजे किमान दोन पिढ्या, प्रत्येक पिढीत दहाएक झाडं, त्यातली फिरलेली किती याची मोजदाद. दहात एखादं फिरत असेल तर तेही लिहून द्या. जास्वंदीचा जुना 'कूपरी' दोनरंगीच आहे आणि त्यालाही मधूनच हिरव्या फुटी येतात, तरी तो टिकून आहे, कारण लावणाऱ्यांना त्या काढायच्या हे माहीत असतं. आणि हो, तुमचं झाड 'कूपरी'शी आणि इतर दोनरंगी जास्वंदींशी ताडून बघा. आपल्या कुंडीत नवीन म्हणजे जगात नवीन असं नव्हे.

नावाचे नियम लागवडीतल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेत आहेत. वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत, शास्त्रीय नावापुढे, तिरप्या अक्षरात नाही. १ जानेवारी १९५९ पासून नवं नाव लॅटिन वळणाचं चालत नाही, म्हणून 'अल्बोमार्जिनाटा' वगैरे मोह टाळा. जुनी आहेत ती चालतात. रोमन लिपीत ३० अक्षरांच्या आत. त्याच प्रजातीत (जीनसमध्ये) ते नाव आधी वापरलेलं नको. अनेक प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या ठरलेल्या संस्था आहेत, जशी बोगनवेलीची नोंद नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे असते. नाव देण्याआधी जास्वंदीच्या नोंदणी यादीत शोधा. आणि तारीख असलेल्या छापील प्रकाशनात वर्णनासह नाव आलं पाहिजे, नुसती पाटी लावून ते प्रस्थापित होत नाही.

हक्क घ्यायचा विचार असेल तर एकही कलम विकण्याआधी ठरवा. वाणहक्काच्या १९९१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नवेपणाची अट अशी आहे : स्वतःच्या देशात विक्री सुरू होऊन एक वर्षाच्या आत अर्ज, परदेशात चार वर्षं, झाडं आणि वेलींसाठी सहा. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर हवा. उलट बाजूही बघा : आई संरक्षित वाण असेल तर तिच्यातून निघालेला स्पोर्ट बहुधा 'मूलतः साधित वाण', म्हणजे मूळ वाणातूनच घडलेला, ठरतो. तसं झालं तर मूळ हक्कदाराला विचारल्याशिवाय विकता येत नाही.

गुटीवाला

देवाणघेवाणीचं राहिलं. काड्या पाठवताना कळ्या-फुलं काढा, बुडाला ओलसर, टपकणारा नव्हे, कागद गुंडाळा, वर छिद्रांची पिशवी. घट्ट बंद पिशवीत पाणी साचलं की मलईची कड आधी काळी पडते, हिरवा भाग नंतर. सोबत एका ओळीत लिहून द्या : 'पूर्ण हिरवी फूट दिसली की बुडातून काढा.' ही ओळ नसेल तर दोन वर्षांनी लोक साधी लाल जास्वंद घेऊन तुमच्याकडे तक्रार करायला येतात. घेणाऱ्याने नवी काडी तीन-चार आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावी. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत लपून येतो आणि बगलच तर आपण पाठवतोय.

सीमेपार पाठवायचं असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नको, एकच काडी असली तरी.

ओसरीतली_बाग

अकराव्याच्या वर छाट घेतली आहे. सहावा डोळा भरला आहे. देठ अजून हिरवा आहे, बोट लावायचा मोह आवरतेय.

पाचरकलम

तीन आठवडे तरी आवरा. आणि डोळ्यावर बांधलेल्या पट्टीच्या कडेतून पाणी आत जात नाही ना, तेवढं बघा.